मी बंद केलेल्या गोळ्या

माझ्या मुलीच्या गालांवर पहिल्यांदा लाली चढली तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

मे महिना होता. लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी आंब्याच्या रोगांवर काम करते. वीसेक वर्षं झाली. मलिहाबादच्या बागांमधून माझं सतत जाणं-येणं असतं. त्या दिवशी लेकही बरोबर आली होती. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होती ती. बागेतल्या एका जुन्या विटांच्या घराची रेखाटनं तिला कॉलेजात द्यायची होती. मी पानं गोळा करत हिंडले आणि ती दिवसभर उन्हात बसून रेघा मारत राहिली. परतताना गाडीत मी तिच्याकडे पाहिलं. नाकाच्या दोन्ही अंगांना, गालांवर, छान गुलाबी रंग आला होता.

"बघ, जरा घराबाहेर पडलीस तर चेहऱ्यावर कसं तेज आलंय," मी म्हटलं.

"आई, जल रहा है," ती म्हणाली.

तिचा जन्म इथलाच. मी आणि माझा नवरा साताऱ्याकडचे, घरात मराठीच बोलतो. तिला ते सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं. मी म्हटलं, घरी जाऊन कोरफड लाव. विषय संपला.

लाली गेली नाही. पंधरा दिवसांनी तिची बोटं दुखायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हटलं, मग टायफॉइड म्हटलं, मग म्हणाले, "आजकल की लड़कियाँ ठीक से खाती नहीं." तोंडात फोड आले. उशीवर केस सापडायला लागले. ऑगस्टमधल्या एका सकाळी ती ड्रॉइंग बोर्डासमोर नुसती बसून होती, पेन्सिल बाजूला पडलेली. मी ऑफिसच्या घाईत होते. "मोबाइल बघत जागत बसायचं आणि सकाळी हे असं," मी फटकारलं. तिने हात पुढे केला. बोटांचे सांधे सुजून चकचकीत झाले होते. "पकड़ नहीं पा रही हूँ," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तेव्हाही सुट्टी घेतली नाही. संध्याकाळी बघू म्हणाले.

डोळ्यांखाली सूज आली आणि लघवीला फेस यायला लागला, तेव्हा कुठे आम्ही मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या सांधेरोगतज्ज्ञ डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. भरभर बोलणाऱ्या, पण पेशंटचा हात हातात घेऊन बघणाऱ्या. त्यांनी लेकीचा चेहरा खिडकीकडे वळवला, तोंड उघडून टाळू पाहिली आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्ट आले. मग सुई घालून मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढला, तो तपासला. रोगाला नाव मिळालं. ल्युपस. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते असा आजार. तो मूत्रपिंडापर्यंत पोचला होता.

"आप तो साइंटिस्ट हैं," डॉक्टर मला म्हणाल्या, "आपको समझाना आसान है."

आसान नव्हतं. मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हे कशामुळे झालं?

त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या शरीरात रोज कितीतरी पेशी मरतात आणि त्यांचा कचरा उचलला जातो. काही माणसांत ही सफाई जराशी ढिली असते. पेशीच्या आत, केंद्रकात असतं ते बाहेर उघड्यावर पडून राहतं. कधी तरी शरीर त्यालाच परकं समजतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लागतं. एकदा ही चूक झाली की ती शरीराच्या लक्षात राहते. मग उन्हाने कातडीच्या पेशी मेल्या तरी ठिणगी पडते, एखाद्या विषाणूच्या तापानेही पडते. बायकांमध्ये हा आजार जास्त, म्हणजे हार्मोन्सचाही त्यात हात असणार. घराण्यातून कल येतो. पण नेमकं हिलाच का, आत्ताच का, ते कुणाला सांगता येत नाही.

"म्हणजे बागेतल्या उन्हामुळे?"

"धूप से शुरू नहीं हुआ होगा. धूप से दिखा होगा."

मला हे पटेना. माझ्या शास्त्रात रोगाला कारण असतं. पानावर डाग पडला तर त्यातली बुरशी मी वेगळी काढते, काचेच्या बशीत वाढवते, ती निरोगी रोपावर सोडते. त्या रोपावर तसाच डाग उमटला आणि त्यातून तीच बुरशी पुन्हा मिळाली, की मगच मी छातीठोकपणे सांगते की याचं कारण हे. आयुष्यभर मी एवढंच केलं. आणि आता माझ्या पोटच्या पोरीला रोग झाला तर समोरची हुशार बाई म्हणत होती की बशीत वाढवायला काही नाहीच.

गोळ्या सुरू झाल्या. स्टेरॉइड, मलेरियावर देतात ती एक, आणि प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी एक. मुलगी गोळ्या घेत होती आणि मी कारण शोधत होते. ऑफिसात बसून माझं काम बाजूला ठेवून मी ल्युपसवरचे शोधनिबंध वाचायची. घरी आले की तिची उलटतपासणी. "दहावीत तुला ताप आला होता, तो किती दिवस होता? गळ्यात गाठी होत्या का? मैत्रिणीच्या होस्टेलवर गेलीस तेव्हा कुठलं क्रीम लावलं होतंस?" ती सुरुवातीला आठवून आठवून सांगायची. मग गप्प बसायला लागली.

माझा सगळ्यात मोठा संशय माझ्यावरच होता. बागांमध्ये फवारणी चालू असताना मी किती वर्षं उभी राहिले होते. तेच कपडे घालून घरी यायची आणि ती लहान असताना धावत येऊन माझ्या पायांना मिठी मारायची. मी हे डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, होय किंवा नाही, दोन्ही सांगता येणार नाही. मी घरी येऊन जुन्या कपड्यांचं कपाट रिकामं केलं आणि फील्डवरचे सगळे कुर्ते फेकून दिले. माझा नवरा दारात उभा राहून बघत होता. तो रेल्वेत इंजिनिअर आहे. सोमवार ते शुक्रवार लाइनवर असतो, शनिवारी घरी येतो.

"अहो, असे बघताय काय?" मी म्हटलं.

"तू त्या पोरीचा पंचनामा करते आहेस," तो म्हणाला. "तिला जेवलीस का ते विचार."

मी साताऱ्याला भावाला फोन केला. आपल्या घरात कुणाला असं काही होतं का, एवढंच विचारायचं होतं. तो भडकला. "आपल्याकडे असलं काही नाही. आणि गावभर सांगत बसू नकोस. उद्या पोरीचं लग्न करायचंय."

दोन दिवसांनी कऱ्हाडहून मावशीचा फोन आला. ऐंशीला आलेली, एकटी राहणारी. तिच्या अंगावर कोड आहे. माझ्या लहानपणी ती आमच्या घरी असताना पाहुणे आले की तिला आत बसवत, एवढं मला आठवत होतं.

"तुझा भाऊ तुला काही सांगायचा नाही," ती म्हणाली. "मी सांगते. माझं कोड तर तू बघितलंच आहेस. लग्न त्यापायीच राहिलं. पण आमची सगळ्यात धाकटी होती ना, तुझी धाकटी मावशी..."

"कोण धाकटी मावशी?"

"बघ. तुझ्या आईने तुला सांगितलंसुद्धा नाही. बावीस वर्षांची होऊन गेली ती. ऊन लागलं की तोंड लाल व्हायचं तिचं. भाकरी थापायला बोटं वळायची नाहीत. मग अंगावर सूज आली. लोक म्हणाले, बाहेरची बाधा आहे. काय काय केलं तिचं, ते आता तोंडाने सांगवत नाही मला. वर्षाच्या आत गेली."

मी फोन धरून स्वयंपाकघरात उभी होते. मला अशी एक मावशी होती हे मला बावन्नाव्या वर्षी कळत होतं. तिचा फोटोही कुठे नव्हता.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी माझ्याबद्दलच विचारलं, तुम्हाला काही? मी म्हटलं, थायरॉइडची गोळी घेते पंधरा वर्षं, पण ते तर सगळ्यांनाच असतं. त्यांनी माझीही एक तपासणी करून घेतली. माझा थायरॉइडही माझ्याच प्रतिपिंडांनी खाल्ला होता. कोड, थायरॉइड, ल्युपस हे सगळे आजार एकाच कुळातले, त्या म्हणाल्या. घरातून येतो तो कल. आजार येतोच असं नाही. जुळ्या बहिणींतही एकीला होतो आणि दुसरी ठणठणीत राहते.

"म्हणजे माझ्याकडूनच गेलं तिच्यात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आप मुझसे मुजरिम का नाम पूछ रही हैं," त्या म्हणाल्या. "मेरे पास नाम नहीं है, मैडम. मेरे पास दवा है."

मी मान हलवली. पण नाव मला मिळालं होतं. ते माझंच होतं.

औषधाचा गुण दिसत होता. लघवीतलं प्रथिन कमी होत होतं, सांधे मोकळे होत होते. पण स्टेरॉइडने लेकीचा चेहरा फुगला. गोल, ताठ, ओळखू न येणारा. गालांवर मुरमं आली, पोटावर जांभळे चरे उठले. ऊन टाळायचं म्हणून मी तिला घेऊन अमीनाबादच्या बाजारात लांब बाह्यांचे कुर्ते घ्यायला गेले. आम्ही तिथे तिच्या लहानपणापासून जायचो. ठरलेल्या दुकानातला म्हातारा दुकानदार कुर्ते काढता काढता थांबला. "और बिटिया को नहीं लाईं आज?" त्याने मला विचारलं. ती माझ्या शेजारीच बसली होती.

 रिक्षात बसल्यावर तिने ओढणीने तोंड झाकून घेतलं. त्यानंतर तिने कॉलेजला जाणं सोडलं. बाथरूममधल्या आरशावर वर्तमानपत्र चिकटवलं. मी ते काढायला गेले तर म्हणाली, "रहने दो. मुझे वो लड़की नहीं देखनी." एकदा दुपारी तिच्या खोलीबाहेरून जाताना मला तिचा आवाज ऐकू आला. ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "मर जाती तो कम से कम अपनी शकल में मरती." मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला आत जाता आलं नाही.

त्याच आठवड्यात मी मलिहाबादला गेले होते. तिथल्या एका वयस्क बागवानाला मी बरीच वर्षं ओळखते. मोहोरावर भुरी आली की तो मला फोन करायचा. माझं उतरलेलं तोंड बघून त्याने विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्याच्या बायकोची बोटं वाकडी झाली होती म्हणे. कानपूर रोडवर, सरोजिनी नगरच्या पुढे एक वैद्य बसतात, त्यांच्या पुड्यांनी ती आता पीठ मळते. "डॉक्टर साहिबा, एक बार दिखा लीजिए. देखने में क्या जाता है?"

मी गेले. एकटीच गेले, लेकीचे रिपोर्ट घेऊन. स्वच्छ जागा होती. वैद्य मऊ बोलणारे, पांढऱ्या कपड्यातले. त्यांनी मला तासभर बोलू दिलं. मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मी रडले तर पाणी दिलं. आणि मग म्हणाले, "कारण मैं बताता हूँ आपको."

मी पुढे सरकून बसले.

कारण पोट आहे, ते म्हणाले. पोटात वर्षानुवर्षं साचलेलं विष रक्तात उतरलंय. या इंग्रजी गोळ्या ते विष आतच कोंडून ठेवतात, म्हणून चेहरा सुजतो. पुड्या चालू करा, गोळ्या हळूहळू सोडा. तीन महिन्यांत मुलगी पहिल्यासारखी.

यातलं मी काय मानलं आणि काय नाही? मी पीएचडी झालेली बाई. स्टेरॉइड अशी आपल्या मनाने सोडायची नसते, हे मला पाठ होतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीवर तिची मूत्रपिंडं टिकून आहेत, हे मी स्वतः वाचलं होतं. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला एक कारण दिलं होतं. एक कारण आणि त्यावर एक औषध. शिवाय ते कारण माझ्या रक्तातून आलेलं नव्हतं, माझ्या कपड्यांवरूनही आलेलं नव्हतं. पुड्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी गाडी चालवत घरी आले आणि त्या रस्त्यात मला जेवढं हलकं वाटलं तेवढं आजारपण सुरू झाल्यापासून वाटलं नव्हतं.

लेकीला सांगितलं, गोळ्या कमी करायच्या आहेत आणि ही पावडर मधातून घ्यायची.

"डॉक्टर मैम ने बोला?"

"हो," मी म्हटलं.

नवऱ्याला सांगितलंच नाही. स्टेरॉइड मी भराभर खाली आणली आणि प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी पहिल्याच दिवशी बंद केली. रुग्णालयातली तारीख आली तेव्हा आम्ही गावी गेलोय असं फोनवर कळवलं.

पहिले तीन आठवडे मला माझ्या धाडसाचं कौतुक वाटत होतं. चेहऱ्यावरची सूज उतरायला लागली. स्टेरॉइड कमी केली की ती उतरतेच, त्यात पुड्यांचा काही वाटा नव्हता, पण मी तो त्यांनाच दिला. लेकीने आरशावरचा कागद काढला. एका सकाळी डबा मागितला आणि कॉलेजला गेली. शनिवारी माझा नवरा तिच्याकडे बघून म्हणाला, "औषध लागू पडतंय." मी पोळी लाटत होते. मान वर केली नाही.

पाचव्या आठवड्यात तिची बोटं पुन्हा धरली. मी पुडीचं प्रमाण वाढवलं. वैद्यांना फोन केला तर म्हणाले, विष बाहेर पडतंय, घाबरू नका. मग घोट्यांवर सूज आली. मोज्यांचे वळ पडायला लागले. डोकं दुखतं म्हणायची. तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. मी पाहिलं आणि आणखी दोन दिवस थांबले, कारण आता डॉक्टरांकडे जायचं म्हणजे काय केलं ते सांगायचं होतं.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास ती जेवणाच्या टेबलाशी बसून चित्र पूर्ण करत होती. "आई, ठीक से दिख नहीं रहा," म्हणाली. मी वळेपर्यंत तिची मान एका बाजूला वळली, दात आवळले गेले आणि ती खुर्चीसकट खाली आली. तिचे हातपाय आपटत होते आणि मी तिचं डोकं मांडीवर धरून नुसती ओरडत होते. शेजारचे लोक आले. त्यांच्याच गाडीतून तिला नेलं.

त्याच डॉक्टर धावत आल्या. रक्तदाब भयंकर वाढला होता, त्याचा मेंदूवर परिणाम होऊन झटका आला होता. फुप्फुसांत पाणी होतं. "दवाइयाँ सब चल रही थीं?" त्यांनी विचारलं.

"हाँ," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. मी दाराबाहेर उभी होते. पाच मिनिटं असतील फार तर. माझ्या या एका शब्दावर आता आत औषध ठरणार होतं. गोळ्या चालू असूनही रोग एवढा उसळला असं समजून ते भलतंच काही देणार होते. मी दार ढकलून आत शिरले. "नहीं चल रही थीं," मी म्हटलं. "मैंने बंद की थीं. उसे नहीं पता."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "कितने दिन?"

"उनतालीस."

त्यांनी एकोणचाळीस हा आकडा कागदावर लिहिला. सिस्टरला एक इंजेक्शन बदलायला सांगितलं. मला म्हणाल्या, "बाहर बैठिए." बस्स. नंतरही त्या कधी मला त्यावरून बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

नवरा दुपारी पोचला, साइटवरच्या धुळीच्या बुटांनीच. मी त्याला जिन्यापाशी गाठून सगळं सांगितलं. सरोजिनी नगर, पुड्या, खोटा फोन. तो पायरीवर बसला.  मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू?" एवढंच. पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघं एकाच बाकावर बसायचो, एकाच डब्यातलं खायचो, आणि तो फक्त औषधांची चिठ्ठी मागण्यापुरतं माझ्याशी बोलायचा.

अतिदक्षता विभागात ती अकरा दिवस होती. मूत्रपिंडांनी काम थांबवलं. डायलिसिस सुरू झालं. सलाइनमधून जड औषधं दिली. बाहेरच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी बाराबंकीची एक बाई सतरंजी टाकून बसायची. तिच्या मुलीलाही आमच्यासारखाच आजार होता, आणि त्या मुलीच्या पोटात सहा महिन्यांचं बाळ होतं. मुलीने ग्रहणाच्या दिवशी भाजी चिरली म्हणून हे झालं, असं ती बाई मला रोज सांगायची. "और आपकी बिटिया को काहे से हुआ, दीदी?"

मी तिला कल, ऊन, विषाणू, हार्मोन्स असलं काही सांगितलं नाही. मला ते सांगता येईना. मी म्हटलं, "पता नहीं." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघी एकच प्रश्न विचारत बसलो होतो, आणि माझ्याकडे तिच्यापेक्षा बरं उत्तर नव्हतं. उलट तिने आपल्या मुलीच्या गोळ्या तरी चालू ठेवल्या होत्या. आठव्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा सतरंजी नव्हती. वॉर्डबॉयने हळूच सांगितलं, आई-बाळ दोन्ही गेली.

लेक शुद्धीवर आली, बोलायला लागली, जनरल वॉर्डात आली. मी ठरवलं होतं की नवऱ्याने सांगण्याआधी मीच सांगायचं. दुपारची भेटीची वेळ होती. ती उशीला टेकून बसली होती, गळ्याशी डायलिसिसची नळी. मी सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही.

ती ऐकत राहिली. "तो डॉक्टर मैम ने नहीं बोला था."

"नाही."

"आपने मुझे झूठ बोला."

"हो."

"कोई और बोलता तो मैं गूगल करती," ती म्हणाली. "आपने बोला था, इसलिए नहीं किया."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो चादरीखाली घेतला. "अब से दवा मैं खुद लूँगी. आप मेरी दवा को हाथ मत लगाना."

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं. दोन महिन्यांनी डायलिसिस थांबलं, तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मूत्रपिंडं काम करतात, पण पूर्ण नाही. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही आणि उरलं आहे ते किती वर्षं पुरेल, हे कुणी सांगत नाही. कॉलेजचं एक वर्ष वाया गेलं. आता ती पुन्हा जाते, टोपी आणि लांब बाह्या घालून. चेहरा पूर्वीसारखा झालेला नाही. ती त्याबद्दल बोलत नाही.

नवरा माझ्याशी बोलायला लागला आहे. भाजी काय आणू, गॅस आला का. एकदा जेवताना अचानक म्हणाला, "मी घरी असतो तरी तू हेच केलं असतंस का?" मी विचार केला आणि म्हटलं, "हो, बहुतेक." त्याने मान हलवली आणि आमटी वाढून घेतली.

मी अजूनही वाचते. विषाणू, जनुकं, आतड्यातले जीवाणू, नवीन काही आलं की वाचते. सगळ्या निबंधांच्या शेवटी तेच, की अनेक गोष्टी एकत्र येतात आणि नेमकं काय घडतं ते अजून पूर्ण कळलेलं नाही. पूर्वी हे वाक्य वाचून मला राग यायचा. आता मी तिथवर येते आणि लॅपटॉप मिटते. माझ्या मुलीचा आजार कशाने सुरू झाला ते मला ठाऊक नाही. तिची मूत्रपिंडं कशाने गेली, ते मात्र पक्कं ठाऊक आहे. त्यासाठी काचेची बशी लागत नाही.

गेल्या महिन्यात तिची तपासणी होती. मी गाडी चालवत नेलं, कारण उन्हात रिक्षाने जाणं तिला चालत नाही. नंबर लागला तशी मीही उठले. ती म्हणाली, "आप यहीं बैठो." मी बसले. दार बंद झालं. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा दोघी हसल्यासारखं वाटलं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. हातात रिपोर्टचा कागद होता. मी उभी राहिले.

"काय म्हणाल्या?"

"ठीक है सब."

"प्रोटीन किती आलं?"

"आई, बोल दिया ना, ठीक है."

तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, चेन ओढली आणि ओढणी डोक्यावरून घेत जिन्याकडे निघाली. तिच्या चालण्यावरून काही कळतं का, घोट्यांवर सूज आहे का, ते बघत मी दोन पायऱ्या मागून उतरत राहिले.